घोडा साक्ष देतो तो सिनेमा

टॉकीजभाऊचा सिनेमा सेन्सॉरच्या सर्टिफिकेटापासून सुरू व्हायचा. आम्ही पोरंपोरी कापसाच्या गंजीवर बसलेलो आणि समोर सारवलेल्या जमिनीवर हा उभा. दोन्ही हात वर करून तो हवेत एक कागद धरायचा आणि डोळे बारीक करून त्यावरचं इंग्रजी धडाधड वाचून काढायचा. तेवढ्यात आमच्यापैकी कुणी बोललं, तर वाचन थांबे आणि, "काहून बे, तुया बापाचं मंगलाष्टक चालू हाये काय इथं?" असा सवाल येई. त्या इंग्रजीत एकही शब्द इंग्रजी नव्हता, हे मला स्वतःला इंग्रजी आल्यावर कळलं. म्हणजे फारच उशिरा, आणि अजूनही शंभर टक्के खात्री देता येत नाही.

तो माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. अकोल्याला कॉलेजात शिकायला म्हणून खोली करून राहायचा आणि शनिवारी तेल्हाऱ्याच्या एसटीनं गावी यायचा. तो कॉलेजात काय शिकतो हे काकांना कळलं नाही, कॉलेजलाही कळलं नाही. पण आठवडाभर अकोल्यात जो सिनेमा चालू असे तो रविवारी दुपारी, मोठी माणसं जेवून आडवी झाली, की आमच्या गावी लागायचा. गावात टॉकीज नव्हतं आणि पोरांना घेऊन अकोल्याला सिनेमाला जाण्याची आमच्या घरात रीत नव्हती. त्यामुळे माझ्या लहानपणचे सगळे आवडते सिनेमे मी त्याच्या तोंडून पाहिले. 'ऐकले' असं कधी म्हणावंसं वाटलं नाही. 'पाहिले' असंच म्हणत आलो आणि त्याची शिक्षा पुढे भर सभेत भोगली.

दिवाळीनंतर कापूस घरी यायचा आणि भाव चढेल या आशेवर एका खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवलेला असायचा. ते आमचं टॉकीज. गंजीच्या टोकावर बाल्कनी, पायथ्याशी थर्ड क्लास. तिकीट म्हणजे मूठभर फुटाणे किंवा शेंगा. ते त्याच्या शर्टाच्या खिशात टाकायचे. मी एकदा किडक्या तुरीच्या शेंगा टाकल्या. त्यानं एक सोलून पाहिली आणि मला अख्खा सिनेमा पाठमोरं बसवलं. खोटं वाटेल, पण भिंतीकडे तोंड करूनही मला सगळं दिसलं. मारामारी तर जरा जास्तच स्पष्ट दिसली. खेळ सुटल्यावर केसांत, कानांत, पापण्यांवर कापूस घेऊन आम्ही बाहेर पडायचो आणि आई एका नजरेत ओळखायची, "आज कोनता पिच्चर होता रे?"

मधेच कधी तरी तो थांबायचा, "फिल्म तुटली!" म्हणून ओरडायचा आणि बाहेर निघून जायचा. आम्ही नियमाप्रमाणे शिट्ट्या मारायचो, कापसाचे गोळे फेकायचो, मॅनेजरच्या नावानं बोंबलायचो. अंगणात तो खर्रा घोटत उभा असायचा. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना. तळहातावर ती पन्नी तो इतका वेळ चोळायचा, की तेवढ्यात एखादं गाणं संपावं. मग चिमूट गालात ठेवून आत यायचा आणि सिनेमा असा काही पुढे निघायचा, की अंगावर काटा. त्या तुटलेल्या फिल्मच्या वेळात तो पुढची गोष्ट रचत असणार, अशी शंका आमच्या डोक्यात कधी आली नाही. आमची डोकी तशी कापसाखालीच होती.

एकदा त्याच्या सिनेमात समुद्र आला. समुद्र आमच्यात कुणीच पाहिला नव्हता, त्यानंही नाही. "आपलं खालतचं वावर आहे ना," तो म्हणाला, "पार धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत. ते आडवं नाई, हलून राह्यलं आहे असं समजा. अन् ते हलता हलता तुमच्या अंगावर उभं राह्यते." आम्ही सगळे गंजीवरून मागे सरकलो. सुशी, माझी चुलतबहीण, घसरून थर्ड क्लासात पडली. पुढे नोकरीला लागल्यावर मी खरा समुद्र पाहिला. ठीक होता. पण आमच्या वावरासारखा नव्हता.

आणि त्याच्या सिनेमात आई मरत नसे. गोळी लागो, नदीत पडो, टीबी होवो. शेवटी ती उठून बसायची आणि भाकरी टाकायची. सुशीनं एकदा विचारलं, "पन खऱ्या सिनेमात वाचते का रे भाऊ ती?" तो म्हणाला, "खरा सिनेमा कोनता अन् मंग हा कोनता?" त्याची स्वतःची आई, आमची मोठीआई, तो शाळेत असतानाच गेली होती. हे आम्हाला माहीत होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याचं ते वय नव्हतं.

त्याचं आवडतं वाक्य असं होतं: "सिनेमा पाह्याचा नसते बे, सांगाचा असते. पाह्याले काय, म्हशीबी पाह्यतात."

कॉलेज अर्थातच सुटलं. तो अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून म्हणून चिकटला, लग्न झालं, शोभावहिनी आल्या. आम्ही पोरं पांगलो. मी अमरावतीला बँकेत लागलो आणि रिकाम्या वेळात सिनेमातला जाणकार झालो. हे मी कुणाच्या सांगण्यावरून झालो नाही, स्वतःच झालो. इथल्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत मी सदर लिहितो. त्यात 'चौकट', 'अवकाश' आणि 'मौनाची भाषा' हे शब्द आळीपाळीनं येतात. मित्र माझा लेख न वाचताच "छान होता" म्हणतात, यावरून त्याचा दर्जा लक्षात यावा.

गेल्या वर्षी एका मंडळानं अमरावतीत कार्यक्रम ठेवला. बालपणीचा आवडता सिनेमा मोठेपणी पुन्हा पाहायचा, त्यावर जाणकारानं आधी बोलायचं आणि मग सगळ्यांनी मिळून तो सिनेमा बघायचा. जाणकार मी. सिनेमा मी निवडला तो पांढऱ्या घोड्याचा. त्यात नायिकेच्या बापाचा नदीकाठी खून होतो, आळ नायकावर येतो, आणि खून पाहिलेला एकटा जीव म्हणजे तो घोडा. मी चांगला लांबलचक बोललो. "मित्रहो, घोडा कोर्टाच्या पायऱ्या चढतो, साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ क्षणभर थांबतो, सगळ्या कोर्टावर नजर फिरवतो आणि खून केलेल्या मुनीमजींच्या डोक्यावरची पगडी दातांनी उचलतो. मुक्या प्राण्यानं न्यायव्यवस्थेला दिलेलं हे उत्तर आपल्या सिनेमानं पुन्हा कधी दिलं नाही." टाळ्या पडल्या. मला स्वतःलाच गहिवरून आलं.

मग दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला. घोडा एका गाण्यात आला. नायिका त्याच्या मानेला मिठी मारून दोन कडवी गायली. पुढच्या सीनमध्ये सावकारानं घोडा विकला आणि तो सिनेमातून निघून गेला. मी वाट पाहत राहिलो. मध्यंतर झालं. नायिकेची आई मेली आणि मेलेलीच राहिली. कोर्ट आलं, वकील आले, मी खुर्चीत पुढे सरकलो. अंधारातून कुणी तरी शांतपणे विचारलं, "सायेब, घोडा पार्किंगात अडकला काय?" त्यानंतर दर दोन मिनिटांनी मागून खिंकाळी येत होती. शेवटी मुनीमजींना आपोआप पश्चात्ताप झाला, त्यांनी गुन्हा कबूल केला आणि दिवे लागले. आभाराचा नारळ माझ्या हातात देताना मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या खेपेला सिनेमा पाहून या."

घरी येऊन मी मोबाईलवर एकेक करून लहानपणचे सगळे सिनेमे शोधले. आता जुने सिनेमे सगळे सापडतात. डाकूचा पाहिला, जुळ्यांचा पाहिला, विहिरीचा पाहिला. नावं तीच, नट तेच, पण एकही माझा सिनेमा नव्हता. सगळ्या आया मेल्या होत्या. माझं अख्खं लहानपण कुणी तरी परस्पर बदलून टाकल्यासारखं वाटलं. मी तणतणत टॉकीजभाऊला फोन लावला. लग्नाकार्यातल्या भेटींपलीकडे आमचं बोलणं उरलं नव्हतं, पण भांडायला ओळख पुरते.

फोन वहिनींनी उचलला. "त्याईले देऊ नाई शकत भाऊजी. जिभेले गाठ झाली हाये. आमी दवाखान्यात हावोत." मग म्हणाल्या, "तुमी येता काय? ते कोनाचंच आयकत नाईत."

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला पोचलो. टॉकीजभाऊ खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. गाल आत गेलेले, जबडा एका बाजूनं सुजलेला. तरुण डॉक्टरनं मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की जिभेचा बराचसा भाग काढावा लागेल, बोलणं जवळजवळ जाईल, पण आत्ता केलं तर माणूस हाती लागू शकतो. पेशंट मात्र तयार नाही. दर दिवशी उशीर होतोय. वहिनी खांबाशी उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होतो, तेही पदर न लावता, सरळ. "मले हा मानूस मुका चालते भाऊजी," त्या म्हणाल्या. "नसला तं नाई चालत. एवढंच सांगा त्याईले."

एवढंच सांगायचं सोडून मी भाषण तयार करून आत गेलो. म्हणालो, "हे पाय भाऊ, आयुष्य म्हंजे सिनेमासारखं असते..."

त्यानं डोळे मिटले. शब्द जड, अर्धवट, लाळेत भिजून येत होते, पण आले. "हे वाक्य कोनत्या टॉकीजात आयकलं बे?"

"तू ऑपरेशन करून घे."

"अन् मंग? बोलल्याबिगर मी काय करू पिंट्या? म्या आयुष्यात दुसरं केलं काय?"

उत्तर नसलं, की मी चिडतो. तसा चिडलो. म्हणालो, "तू खोटारडा आहेस. घोडा कोर्टात जातच नाई. म्या पाह्यला तो सिनेमा. सगळ्या अमरावतीसमोर पाह्यला!"

त्यानं डोळे उघडले. एवढा आजारी माणूस इतका मनापासून खूश झालेला मी पाहिला नव्हता. "कोन्तं सांगतलं तू लोकाईले? पगडीचं?"

"पगडीचं! भाषन देल्लं म्या पगडीवर!"

तो हसायला लागला आणि दुखून वाकला. वहिनी धावत आल्या. पाणी पिऊन, श्वास धरून तो म्हणाला, "मले सांग, त्या सिनेमात गुन्हा कसा उघडा पडते?"

"मुनीम कबूल करते."

"कबूल करते?" त्यानं वहिनींकडे पाहिलं. "खून केलेला मुनीम. आपल्या मनानं. कोन्या गावात?" आणि मग माझ्याकडे, "खून पाह्यला घोड्यानं. मंग साक्ष द्याले घोडा नाई येईन तं काय नंदी येईन? त्या डायरेक्टरलेच समजलं नाई, तं मी काय करू?"

तेवढ्या बोलण्यानं तो पार थकला. पण कपाळावरची आठी सुटली होती. मी ती संधी घेतली, म्हणजे हात जोडले. खरोखरच जोडले, भाषणात जोडतात तसे नाही. त्यानं माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाला, "करतो. पन मंग सिनेमा तू सांगशीन. दर आयतवारी. अन् चुकला तं मारीन."

मी हो म्हणालो. एक सरळ गोष्ट मला न अडखळता सांगता येत नाही, हे बायको लग्नापासून सांगते. पण त्या वेळी त्यानं मला कोर्टात घोडा आणायला सांगितला असता तरी मी हो म्हणालो असतो.

ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत मला एकच घाई लागली होती. त्याचा आवाज भरून ठेवायचा. मी पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि म्हणालो, "भाऊ, कोनताबी सांग. जमन तेवढा सांग." तो मोबाईलकडे पाहत बसला. मोबाईल त्याच्याकडे पाहत बसला. "हा हुंकार देते काय?" त्यानं विचारलं. "शिट्टी मारते? मंग याले काय सांगू?" मी विनवण्या केल्या, रागावलो, पुन्हा विनवण्या केल्या. आज माझ्याकडे जे रेकॉर्डिंग आहे त्यात त्याचा खोकला आहे, शेजारच्या पेशंटच्या डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आहे, आणि माझं "बोल ना रे भाऊ, बोल ना" हे इतक्या वेळा आहे, की ते मला पुरतं ऐकवत नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. नाकातून नळी, गळ्याला भोक, आणि आमचा टॉकीजभाऊ भिंतीकडे तोंड करून. लिहायला पाटी दिली, ती त्यानं उशाखाली सारली. वहिनी भरवत तेव्हा नळीतून जेवण जाई, पण तो त्यांच्याकडे पाहत नसे. घरी आणल्यावरही तेच. वहिनी फोनवर म्हणायच्या, "जीव वाचला भाऊजी, पन मानूस अजून दवाखान्यातच हाये."

पहिल्या रविवारी मी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत मनातल्या मनात विहिरीचा सिनेमा घोकला. अकोला आलं तेव्हा मला फक्त विहीर आठवत होती. घाबरलो. आणि जो मूर्खपणा फक्त सिनेमाचा जाणकारच करू शकतो तो मी केला. सांगायचं सोडून टॅबलेट काढला आणि खरा सिनेमा लावून त्याच्यासमोर धरला.

तो भिंतीकडून वळला नाही. मी टॅबलेट भिंतीशी नेऊन धरला. हात भरून आला, तरी धरून राहिलो. आता मागे फिरायचं कसं, तेच कळत नव्हतं. सिनेमा पुढे सरकत होता आणि ते दृश्य आलं. पावसात नायकाची आई दगडाला आपटून पडते, व्हायोलिनं सुरू होतात, ती काही तरी बोलते आणि मान टाकते. मी घाईनं पुढे ढकलायला गेलो, तर बोट भलतीकडेच लागून ती पुन्हा मेली.

तेव्हा टॉकीजभाऊचा हात आला. त्यानं टॅबलेट माझ्या हातातून घेतला, पालथा घातला आणि माझ्या मांडीवर अशी सणसणीत चापट मारली, की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग तो उठून बसला. चादरीवर त्यानं तळहात उताणा ठेवला. ती आई. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पाऊस पाडला. मग तो तळहात हळूहळू, थरथरत वर आला, कोपरावर उभा राहिला, कपाळावरचं रक्त पुसल्यासारखं केलं आणि भाकरी थापायला लागला. तोंडातून घशाचा एक घोगरा आवाज येत होता. ते पार्श्वसंगीत असावं. भाकरी तव्यावर टाकून त्यानं वहिनींकडे पाहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

वहिनी दारातच खाली बसल्या. रडत हसत म्हणाल्या, "पाय मां! इतके वर्सं झाले, मले एक सिनेमा नाई सांगतला यानं!" त्यानं गालाखाली हात ठेवून घोरण्याची नक्कल केली. तू झोपून जाशील, म्हणून. "झोपीन नाई तं काय!" वहिनी म्हणाल्या. "दिवसभर राबलेली बाई हावो मी!"

त्या दिवसापासून आमचे रविवार सुरू झाले. मी सांगायचो, तो दुरुस्त करायचा. मांडीवर चापट म्हणजे चूक. कान पकडला, की मागच्या सीनपासून पुन्हा. आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं, म्हणजे माझ्या अकलेबद्दल त्याला आणखी काही सांगायचं उरलं नाही. अमरावतीला परत येईपर्यंत माझी मांडी लाल झालेली असे. वहिनी भाजी निवडत ऐकायच्या आणि मधेच विचारायच्या, "मंग त्या पोलिसानं पाह्यलं कसं नाई?" प्रश्न बिनतोड असायचे. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायचो. त्या झोपल्या मात्र नाहीत एकदाही.

पण माझा साठा छोटा होता. थोड्याच दिवसांत मला रविवारची धास्ती बसली. सोमवारपासूनच मी फोन लावत सुटायचो. सुशी मोर्शीला दिलेली, ऐन संत्र्याच्या तोडणीत तिला फोन केला, "सुशे, विहिरीच्या सिनेमात ती उडी मारते तवा विहिरीत पानी असते काय?"

"असते ना. निळंशार."

"नाई वं, कोरडी असते. म्या आता पाह्यला मोबाईलवर."

"मोबाईलवर काय पाह्यतं! म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यला, गंजीवरून!" मागे मजुरांची गडबड चालू होती. मग तिचा आवाज उतरला. "भाऊ कसा हाये रे?"

आमचा आणखी एक भाऊ नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे. त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. त्याला फक्त मारामाऱ्या आठवत होत्या, त्याही सगळ्या एकाच सिनेमातल्या. असे तुकडे गोळा करून मी रविवार ढकलत होतो. बँकेत ग्राहक समोर उभा असायचा आणि मी मनात जुळ्या भावांना वेगळं करत असायचो. ते का वेगळे झाले होते ते काही केल्या आठवायचं नाही. सिनेमे संपले तर काय, हा विचार मी करत नव्हतो. फक्त त्या विचारानं पहाटे जाग यायची.

आणि एका रविवारी संपलेच. काहीच उरलं नव्हतं. मी "फिल्म तुटली" म्हणून अंगणात गेलो, थोडा वेळ नळाकडे पाहत उभा राहिलो आणि आत येऊन रेटून खोटा सिनेमा सांगायला लागलो. एक पोस्टमन, एक आंधळी मुलगी, एक पूल. टॉकीजभाऊ माझ्याकडे टक लावून पाहत होता. त्यानं हा सिनेमा पाहिला नव्हता, सांगितला नव्हता; पकडलं होतं मला. मी मांडी पुढे करून थांबलो. त्यानं माझा कान पकडला, जरासा ओढला आणि सोडून दिला. मग हातानं खूण केली. पुढे.

उन्हाळा लागता लागता मानेवर गाठ आली. डॉक्टरांनी या वेळी मला व्हरांड्यात नेलं नाही, खोलीतच सांगितलं. घरी न्या म्हणाले. मी दुसऱ्या डॉक्टरकडे कागद नेले, तिसऱ्याकडे नेले, नागपूरला एकाला फोटो पाठवले. सगळे सभ्यपणे तेच म्हणाले. गाडीत बसल्यावर मी देवाशी सौदे करायचो. देवाला माझा स्वभाव माहीत असल्यामुळे त्यानं मनावर घेतलं नाही.

टॉकीजभाऊ जास्त वेळ झोपूनच असायचा. तरी सांगताना चुकलो, की बोट हलायचं. नंतर नंतर चापटेत जोर उरला नाही; हात यायचा, मांडीवर टेकायचा आणि तिथंच राहायचा. मला तेवढं पुरत होतं.

शेवटच्या रविवारी मी दुपारी पोचलो. खिडकीला वहिनींचं ओलं पातळ लावलेलं, कूलर चालू. वहिनी त्याच्या पायांशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "सकाळपासून डोळे नाई उघडले. पन सांगा तुमी. आयकत असतीन."

मी डाकूचा सिनेमा काढला. हा मला सगळ्यात चांगला पाठ होता. त्यानं दुरुस्त करून करून घोटून घेतला होता. त्यात डाकूला पकडायला आलेला इन्स्पेक्टर त्याचा हरवलेला भाऊ निघतो. मी सर्टिफिकेट वाचलं, जुन्या रिळाची खरखर तोंडानं काढली, सुरुवात केली. अगदी बरोबर सांगत होतो. तो हलला नाही. श्वास तेवढा वरवर चालू होता.

तेव्हा मी एक चूक केली. आयुष्यभर न ठरवता चुका केल्या, ही पहिली ठरवून. डाकूच्या बंदुकीऐवजी त्याच्या हातात काठी दिली. थांबलो. काही नाही. मी त्याचा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला, त्याला लांबून यायला नको म्हणून. मग नायिकेचं नाव बदललं. खुनाच्या मधोमध गाणं घातलं. दरोडा दिवसाढवळ्या पाडला, डाकूला घाबरून पळायला लावलं, मध्यंतर दोनदा केलं. हात होता तिथंच होता. मी आवाज वाढवला. नायिकेचं लग्न सावकाराशी लावून दिलं, आणि इन्स्पेक्टर आला तो डाकूचा कुणीच लागत नव्हता. आला आणि त्यानं सरळ गोळी झाडली.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "असं नाई ना ते. तो भाऊ असते ना त्याचा?"

"थांबा वहिनी," मी म्हणालो. "तुमी नका सांगू. मारू द्या त्याले."

त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी तोंडात पदर धरला.

मी पुढे सांगत राहिलो. त्यातलं एकही वाक्य बरोबर नव्हतं.